मेलव्हिल गोदीवर संपला नाही

आज एका व्याख्यानात वक्त्यांनी अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेलव्हिलला दोन वाक्यांत निकालात काढले. ‘मोबी डिक’ चालली नाही, पोटासाठी न्यूयॉर्कच्या गोदीवर कस्टम्सची नोकरी धरावी लागली आणि लेखक संपला, एवढेच. सभागृहाने हळहळ व्यक्त केली आणि मंडळी चहाला गेली. माझा संताप अजून उतरलेला नाही.

माझे वडील जकात नाक्यावर कारकून होते. एखादा ट्रकचालक घडी घातलेली नोट त्यांच्या शर्टाच्या खिशात सरकवायचा. ते ती काढून त्याच्याच हातावर ठेवायचे आणि पावतीवरचा आकडा मोठ्याने वाचायचे. सहकारी त्यांना ‘महाराज’ म्हणून चिडवत. रात्री हेच महाराज पाठकोऱ्या कागदांवर ओव्या लिहीत बसत. ते ‘संपलेले’ होते, असे कोणी माझ्यासमोर म्हणून दाखवावे!

मेलव्हिलने १८६६ ते १८८५ अशी १९ वर्षे रोजच्या चार डॉलरांवर ती नोकरी केली, तीही लाचखोरीसाठी बदनाम असलेल्या खात्यात. त्याच्या मेहुण्याने लिहून ठेवले आहे की, व्यापाऱ्यांची माणसे त्याच्या खिशात पैसे कोंबत आणि तो ते गाजावाजा न करता परत करी. हे वाचताना मला नाक्यावरचा तो खिसा दिसतो.

खरी गुलामी त्याआधीची होती. ‘रेडबर्न’ आणि ‘व्हाइट-जॅकेट’ या १८४९ मध्ये लिहिलेल्या कादंबऱ्या आपण लाकडे कापणाऱ्या मजुरासारख्या, केवळ पैशासाठी केल्या, असे त्याने स्वतःच सासऱ्यांना कळवले होते. जे लिहावेसे वाटते त्याला पैसा मिळत नाही, ही त्याची तक्रार कादंबरीकार मित्र हॉथॉर्नला १८५१ मध्ये लिहिलेल्या पत्रात आहे; त्याच वर्षी आलेली ‘मोबी डिक’ त्याने ज्याला अर्पण केली, तोच हा हॉथॉर्न. (हॉथॉर्नही सेलमच्या कस्टम्स कचेरीत नोकरीला होता, त्याच्यासाठी मात्र कोणी हळहळत नाही.) नोकरी लागल्यावर बाजाराची ही टाच मानेवरून निघाली. मग त्याने सुमारे १८ हजार ओळींचे ‘क्लॅरेल’ हे दीर्घकाव्य लिहिले. मामाच्या पैशातून ते १८७६ मध्ये छापले गेले आणि कोणी वाचले नाही. हा दोष लेखकाचा कसा?

१८५७ नंतर त्याच्या हयातीत त्याची एकही कादंबरी आली नाही, हे मान्य करावे लागते. त्याच्या घरात सुख नव्हते, हेही खरे. १८६७ मध्ये थोरला मुलगा माल्कम आपल्या खोलीत गोळी लागून मृतावस्थेत सापडला. तो जेमतेम अठरा वर्षांचा होता. बाप पुन्हा गोदीवर कामाला जात राहिला. इथे मला भांडावेसे वाटत नाही. आई आजारी असताना वडीलही असेच डबा घेऊन नाक्यावर जात, आणि त्या काळातल्या ओव्या त्यांनी आम्हाला कधीच दाखवल्या नाहीत.

निवृत्तीनंतर मेलव्हिलने कवितांची दोन पुस्तके काढली, प्रत्येकी फक्त २५ प्रतींची. १८९१ मध्ये तो गेला तेव्हा ‘बिली बड’ हे लघुकादंबरीचे लिखाण हस्तलिखितातच होते. ते १९२४ मध्ये छापून आले. ज्या लेखणीने ते लिहिले ती संपलेली होती, असे म्हणणाऱ्याने निदान ते वाचलेले तरी असावे.

कोणाकडे ‘क्लॅरेल’ची जादा प्रत असल्यास कृपया कळवावे. वक्त्यांचा पत्ता आयोजकांकडून मिळवला आहे. टपालखर्च मी देईन.