गाळ उपसला की तळं जिवंत होतं?

उन्हाळा लागला की एक संदेश फिरू लागतो: 'गावचं तळं मेलंय. जेसीबी लावा, गाळ काढा, खोल करा, काठ दगडांनी बांधून घ्या, दलदल आणि गवत साफ करा. पक्षी परततील, डास जातील, पाणी निवळेल.' पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पण यातले तिन्ही दावे चुकीचे आहेत, आणि त्यापायी चांगली पाणथळ जागा हातची जाते.

पक्ष्यांचं आधी घेऊ. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिश काळात सिंचनासाठी बंधारा बांधला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साठला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, त्यावर पाणवनस्पती वाढल्या. तेच आजचं नांदूर मधमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून २०२० साली जाहीर झालेलं. ही पाणथळ घडवली ती गाळानेच. शेकाट्याचे पाय कितीही लांब असोत, तो वीतभर पाण्यातच चरतो. तुतारी पक्ष्याला ओला चिखल लागतो, कमळपक्ष्याला तरंगती पानं. सरळ खाली उतरणाऱ्या दगडी भिंतीपाशी यांना उभं राहायलाही जागा नाही. पाणकावळे तेवढे राहतील.

पाझर तलावातला गाळ काढून शेतात टाकणं योग्यच आहे, कारण तिथे हेतू पाणी मुरवण्याचा असतो. पण त्याला पाणथळीचं पुनरुज्जीवन म्हणू नये.

डासांबद्दल थोडक्यात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या टाकीत, कुंडीखालच्या ताटलीत, जुन्या टायरात वाढतो. क्युलेक्स डासाला तुंबलेलं घाण पाणी आवडतं, म्हणजे गटारं आणि शौचालयाच्या टाक्या. निरोगी पाणथळीत अळ्या खायला मासे आणि चतुरांची पिल्लं असतात. कच्चं सांडपाणी कोंडून ठेवलं तर मात्र तिथेही डास होणारच.

आता पाणी निवळण्याचं, कारण खरा घोळ इथे आहे. पाणकणीस, लव्हाळे या काठच्या गवतासारख्या वनस्पतींना लोक कचरा समजतात. प्रत्यक्षात त्यांच्या दाटीत पाण्याचा वेग मंदावतो आणि गढूळपणा खाली बसतो. देठांवर आणि मुळांवर जिवाणूंचे थर धरतात. मुळांतून थोडा प्राणवायू झिरपतो, तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. दोन बोटांवरच्या गाळात प्राणवायू नसतो, तिथले दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. ही दोन्ही कामं शेजारी-शेजारी चालायला उथळ पाणी, मुळं आणि गाळ, तिन्ही लागतात. उपसून काढलेला 'कचरा' म्हणजे हे शुद्धीकरण केंद्रच! सांडपाण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या पाणथळींत खडीच्या थरात कर्दळ किंवा पाणकणीस लावतात, त्यामागचं तत्त्व हेच.

जलपर्णीची गोष्ट वेगळी. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली. पृष्ठभाग झाकून खालचा प्रकाश तोडते. ती काढलीच पाहिजे.

मग काहीच न करता सोडून द्यायचं का? तेही नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ साली म्हशींच्या चराईवर बंदी आली. मग गवत इतकं माजलं की मोकळं पाणी आक्रसलं आणि पाणपक्ष्यांची अडचण झाली. मुळात ती जागाही माणसाने बंधारा घालून केलेली. म्हणून पाणथळीची मशागत लागते: दरवर्षी थोडं पाणकणीस कापून बाहेर न्यायचं, म्हणजे त्याने शोषलेलं नत्र-स्फुरद कुजून परत पाण्यात उतरत नाही.

मर्यादाही सांगायला हवी. घरगुती सांडपाण्यासाठी माणशी काही चौरस मीटर जागा लागते, ती अख्ख्या शहरासाठी मिळणार नाही. कारखान्यातले जड धातू तर जिवाणू खात नाहीत. ते गाळात आणि तिथून माशांत साठतात. ते पाणी कारखान्याच्या दारातच शुद्ध व्हायला हवं.

गावात जेसीबी येणारच असेल, तर मधला भाग खोल करा, निदान एक काठ उतरता आणि चिखलाचा राहू द्या. नाला येतो त्या तोंडापाशी पाणकणीस तसंच ठेवा.