टोकियोत फक्त स्कायट्रीच कशाला?
टोकियो स्कायट्रीवरचा हा लेख छान आहे पण टोकियो उंचावरून बघायचं म्हणजे स्कायट्रीच असं वाटतंय वाचून, तसं नाहीये हो. ६३४ मीटरचा टॉवर आहे, ३५० आणि ४५० मीटरवर शहर बघायचे डेक आहेत, सगळं खरं, पण इतक्या वरून खालचं शहर एकदम सपाट दिसतं आणि तिकीटही चांगलंच महाग. टोकियोतल्याच शिंजुकू भागात तोचो म्हणजे टोकियो महानगर सरकारची बिल्डिंग आहे, ४५व्या मजल्यावर २०२ मीटरवर डेक, चक्क फुकट! बॅग चेक करतात आणि लिफ्टने थेट वर. तिथून आजूबाजूचे टॉवर अगदी समोर दिसतात, मला तरी तेच जास्त आवडतं. फुजी पर्वत बघायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर जा, हवा कोरडी असते म्हणून लांबचं स्वच्छ दिसतं, उन्हाळ्यात दमट धुरकट हवेत बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. आणि संध्याकाळी जाणार असाल तर सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधीच पोचा म्हणजे उजेड आणि दिवे दोन्ही मिळतात. फोटो काढताना मोबाईल काचेला अगदी टेकवून धरा, नाहीतर आतल्या लाइटचं रिफ्लेक्शन येतंच.