बटाट्याची लाट

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत मी नापास झालो होतो, ही गोष्ट मी आजवर शाळेत कुणाच्या कानावर जाऊ दिलेली नाही. त्यामुळे यंदा शाळा सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच, दुसरी-तिसरीच्या मुलांना एखाद्या जगप्रसिद्ध चित्रकाराची ओळख कृतीतून करून द्यावी आणि त्याचे फोटो ग्रुपवर टाकावेत, असा निरोप वरून आला, तेव्हा नाही म्हणण्याचे एकमेव सबळ कारण मला तोंडातून काढता आले नाही.

मी जपानी चित्रकार होकुसाईची ‘कानागावाची महालाट’ निवडली. आमची शाळा मालवणच्या किनाऱ्यावर. पडवीतून सिंधुदुर्ग किल्ला दिसतो आणि वर्गातली निम्म्याहून अधिक मुले मासेमारी करणाऱ्या घरांतली. समुद्र त्यांना समजावून सांगावा लागणार नाही, एवढाच माझा हिशेब होता. समुद्र ती मलाच समजावून सांगतील, हे तेव्हा लक्षात आले नाही.

चित्र फळ्यावर लावले. जपानमध्ये १८३१ च्या सुमारास हे छापले गेले, तेव्हा चित्रकाराने सत्तरी गाठली होती, अशी मी गंभीरपणे सुरुवात केली. वर्ग चित्राकडे पाहत होता. नखांसारखी फेसाची टोके काढून उभी राहिलेली लाट, तिच्याखाली वल्ह्यांवर ओणवी झालेली माणसे घेऊन तीन होड्या आणि मागे, लाटेच्या खोबणीत, बोराएवढा फुजी पर्वत.

“गुरुजी, बंदरात बावटो लावलेलो यांका दिसाक नाय?” पहिल्या रांगेतून विचारणा झाली.

दुसऱ्याने लगेच दुजोरा दिला, “माझो बापूस असल्या दर्यात होडी घालूचोच नाय.”

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होते. त्या दृष्टीने पाहता, माझ्या जगप्रसिद्ध चित्रातले सगळे खलाशी सरळसरळ गुन्हेगार ठरत होते. त्यांच्या बचावासाठी मी सांगितले की, या होड्या ताजी मासळी बाजारात झटपट पोचवण्याच्या कामाच्या होत्या. त्यावर वर्ग एकदम नरमला. “लिलावाक उशीर झालो आसतलो,” असा निवाडा एका मुलीने दिला आणि खलाशी सुटले. हे चित्र ज्या मालिकेतले, तिचे नाव ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ असले तरी ती लोकांना इतकी आवडली की पुढे आणखी दहा चित्रे वाढवली, हेही मुलांना मुळीच नवलाचे वाटले नाही. मासळीचा वाटा विकताना वर चार मासे टाकावेच लागतात.

आता कृती. मूळ चित्र हाताने रंगवलेले नसून लाकडी ठशांनी छापलेले, म्हणून मी बटाट्याचे ठसे योजले होते. बायकोने मोजून सहा बटाटे दिले. संध्याकाळी ते घरी परत येतील अशी तिची समजूत होती. होकुसाईच्या काळात जपानात परदेशातून नवाच पोचलेला प्रशियन निळा रंग या चित्रात आहे. माझ्याकडे कपड्यांची नीळ होती. होकुसाईने रेखाटन करायचे, कोरणाऱ्याने ते पातळ कागदावरचे रेखाटन चेरीच्या लाकडावर पालथे चिकटवून कोरायचे आणि छापणाऱ्याने छापायचे, अशी तिकडची रीत. हे सारे मी आदल्या रात्री वाचले होते. फक्त ‘पालथे’ हा शब्द माझ्या डोळ्यांखालून सुलटाच निघून गेला.

फळ्यावरच्या चित्राप्रमाणे डावीकडून उजवीकडे झेपावणारी लाट मी रात्री अकरापर्यंत बसून बटाट्यावर कोरली होती. कागदावर उजवीकडे होडी आधीच काढून ठेवली होती. सर्वांना जवळ बोलावले, ठसा निळीत बुडवला, दाबला आणि उचलला. लाट होडीकडे पाठ करून डावीकडे निघाली होती.

“गुरुजी, तुमची लाट माघारी गेली,” मागून आवाज आला. “वाचली होडी.”

त्यानंतरचा पाऊण तास मी विस्ताराने सांगत नाही. बटाटा कापला की पाणी सोडतो आणि ते न टिपता त्यावर नीळ लावली तर लाटेऐवजी डबके उमटते, हे ज्ञान मला सहाव्या बटाट्याला झाले. एकोणीस मुलांच्या अडतीस हातांना लागलेली नीळ पुसण्यासाठी सर्वात जवळचे कापड म्हणजे माझा सदरा होता. फुजीच्या जागी बहुतेकांनी सिंधुदुर्ग काढला, तटबंदीसकट; त्याला माझी हरकत नव्हती, फोटोत तो चांगला दिसला असता.

शेवटी मी कागद गोळा करू लागलो. एका मुलीच्या कागदावर ठसाच नव्हता. किनारा, माडाचे झाड आणि वर ओढून झापांनी नीट शाकारलेली एक होडी, एवढेच पेन्सिलीने काढलेले.

“लाट खंय गो?” मी विचारले.

“लाट आसा म्हणान तर होडी वर काडली,” ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.