दहा एचपीची मोटर आणि कापड दुकानातला स्प्रिंकलर

लातूर-जालन्याकडच्या ठेकेदारांच्या ग्रुपवर आगीच्या वेळी छतातून पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरबद्दल एक मेसेज फिरतोय : ‘चार मजली दुकानाच्या स्प्रिंकलरला दहा एचपीची मोटर बास. गेजवर सात किलो दिसले की पंप पास. शंका आली तर सरळ डबल मोटर टाका.’ तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. माणसांनी भरलेली दुकानं या भरवशावर उभी राहतायत, म्हणून लिहितोय.

विहिरीवरच्या मोटरीला आपण एचपी विचारतो. स्प्रिंकलरला आधी लिटर आणि मीटर विचारायचे, म्हणजे मिनिटाला किती पाणी आणि किती उंचीचा दाब. एनएफपीए १३ या स्प्रिंकलरच्या अमेरिकी मानकाच्या रूढ हिशेबाने दुकानाला दर चौरस मीटरमागे मिनिटाला ८.१ लिटर पाणी लागतं, तेही १३९ चौरस मीटरवर. झाले मिनिटाला १,१२६ लिटर. पंपाजवळच्या हेडमधून, म्हणजे फवाऱ्याच्या तोंडातून, जरा जास्तच पाणी जातं, म्हणून १,३०० धरा. हायड्रंटचं, म्हणजे आगीसाठीच्या होज पाइपच्या नळाचं, पाणी यात नाही. आता दाब : वरच्या मजल्याची उंची १५ मीटर, टोकाच्या हेडला दीड बार दाब म्हणजे १५ मीटर उंच पाण्याइतका, पाइप-वाल्व्हमधली घट १५ धरली, एकूण ४५ मीटर. पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के मानली तरी वीस एचपी लागते. दहा एचपी या दाबाला मिनिटाला जेमतेम ६६० लिटर देईल. निम्मं पाणी!

गेजवरचा सात किलोचा दाब वाल्व्ह बंद असतानाचा असतो. तो तर पाइपातला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंपही दाखवतो. पंपाची खरी परीक्षा पाणी वाहताना होते. रेटेडच्या, म्हणजे पंपावर नोंदलेल्या आकड्याच्या, दीडपट पाणी सोडल्यावर दाब रेटेडच्या ६५ टक्क्यांखाली जाता कामा नये, आणि वाल्व्ह बंद असताना १४० टक्क्यांवर चढता कामा नये. त्यासाठी फ्लो मीटर बसवलेली टेस्ट लाइन हवी. जानेवारी-जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, देणाऱ्या एजन्सीला मालकांनी हेच सांगावं : पाणी सोडून दाखवा, मगच सही.

डबल मोटरीचा सल्ला आपल्या भागात तर फारच महागात पडेल. हेडवरचा दाब दुप्पट झाला की पाणी सुमारे ४० टक्के जास्त जातं. १,३०० लिटरने तासाला ७८,००० लिटर लागतात, म्हणजे दहा हजारांचे जवळपास आठ टँकर. तेवढी टाकी मग ४२ मिनिटांतच रिकामी होते. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. इथे ही टाकी पुन्हा भरणार कोण? उन्हाळ्यात तर फायरच्या टाकीतूनच वापराचं पाणी उपसलेलं मी पाहिलंय. म्हणून वापराच्या पंपाचा सक्शन पाइप राखीव पातळीच्या वरच बसवून घ्या.