‘इतर’मध्ये गेलेला लेख

माझा सगळ्यात आवडता लेख ‘इतर’ नावाच्या वर्गात गेला आहे. माझ्या लेखांची वर्गवारी करून द्यायला आलेल्या सद्गृहस्थांना कारण विचारलं, तर म्हणाले, “दोनदा वाचला. कशाबद्दल आहे ते कळलं नाही.” आणि शांतपणे पुढच्या लेखाकडे वळले.

यादी मागवली.

“‘छत्रीची निगा’ कुठे टाकलात?”

“‘पाऊस’मध्ये.”

“मग हा ‘छत्री’ नावाचा वर्ग कशाला?”

“तो रिकामा आहे. पुढेमागे लागेल.”

“आणि ‘पावसाळा’?”

“अहो, त्यात पाऊस नाही. त्यात सहली आहेत.”

“सहली ‘प्रवास’मध्ये नकोत?”

“‘प्रवास’मध्ये मुलाखती आहेत. प्रवास करून आलेल्यांच्या.”

“मग ‘मुलाखती’त काय?”

“उरलेल्यांच्या.”

यांनी आधी वर्ग पाडले आणि मग लेख वाचले, घोळ तिथेच झाला. ‘प्रवास’ हा विषय, ‘मुलाखत’ हा प्रकार, ‘पावसाळा’ हा काळ. तीन निकष एकाच यादीत कोंबले की एक लेख तीन ठिकाणी बसतो आणि शोधायला गेलं की एकाही ठिकाणी सापडत नाही. वर्ग विषयावरूनच पाडावेत. प्रकार आणि काळ टॅगांवर सोडावेत. टॅग हवे तितके, वर्ग मात्र लेखाला एकच. आधी सगळी शीर्षकं एका रकान्यात उतरवायची, शेजारच्या रकान्यात प्रत्येकाचा विषय दोन शब्दांत, आणि त्या दुसऱ्या रकान्यावरून क्रम लावायचा. ढीग आपोआप दिसतात. आठ-दहा पुरतात. दोन-तीनच लेखांचा ढीग शेजारच्यात मिसळायचा, निम्मे लेख एकाच ढिगात आले तर तो फोडायचा. ‘इतर’ फुगू लागला की समजावं, एखादा वर्ग पाडायचा राहून गेलाय. लेखकाचा दोष नसतो तो!

तसा हा अन्याय जुना आहे. अमेरिकी ग्रंथपाल मेल्विल ड्यूईने १८७६ साली पुस्तकं लावण्यासाठी सगळं ज्ञान दहा वर्गांत बसवलं आणि विषयांना आकडे दिले. त्यात इंग्रजी साहित्याला अख्खं ८२०. मराठी साहित्य ८९१.४६ वर, म्हणजे ८९० या ‘इतर साहित्यां’च्या घरात, तेही दशांश चिन्हापलीकडे. धर्मांचंही तेच: २२० ते २८० बायबल आणि ख्रिस्ती धर्माला, बाकीच्या सगळ्या धर्मांनी २९० मध्ये दाटीवाटीने राहायचं. आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ साली ‘कोलन वर्गीकरण’ या आपल्या पद्धतीत विषयाच्या बाजू, म्हणजे ठिकाण, काळ वगैरे, सुट्या करून चिन्हांनी जोडल्या, पण ग्रंथालयांत जास्त फिरले ते ड्यूईचेच आकडे.

हे सगळं मी त्या सद्गृहस्थांना तावातावाने ऐकवलं. ते प्रसन्न झाले.

“म्हणजे ‘इतर’मध्ये चांगली चांगली मंडळी आहेत की!”