सगळं बघून व्हायलाच पाहिजे का?

मुलांच्या संग्रहालयात सहकुटुंब जायचं ठरलं की मोठ्यांचं एकच गणित असतं. तिकीट काढलंय ना, मग सगळं बघून झालं पाहिजे. 'चल, पुढे अजून खूप आहे' म्हणत पोरांना दालनादालनांतून पळवायचं. मला हे अजिबात पटत नाही.

परवा आमची धाकटी पाण्याच्या टेबलापाशी जी चिकटली ती हलेचना. वाहत्या पाण्यात ठोकळे आडवे लावून धरण बांधायचं, एवढाच खेळ. आधी फटीतून पाणी सुटत होतं. मग तिने फटीमागे आणखी एक ठोकळा टेकवला. पाणी चढलं, वरून सांडायला लागलं. आता मुद्दाम एक ठोकळा उपसायचा आणि खेळण्यातली होडी कशी सुसाट पळते ते बघायचं. की पुन्हा धरण! बाह्या कोपरापर्यंत चिंब. शेजारी एक गृहस्थ लेकाच्या हातातला ठोकळा घेऊन 'असं नाही रे, असं' करत स्वतःच बांधत बसले होते. छान बांधलं हो त्यांनी. लेक केव्हाच दुसरीकडे गेला होता.

मुलांसाठीचं जगातलं पहिलं संग्रहालय न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १८९९ साली निघालं. पण अशा संग्रहालयांतल्या वस्तू मुलांनी बिनधास्त हाताळायच्या, ही कल्पना जोरात रुजली ती १९६०च्या दशकात. १९६२ साली मायकेल स्पॉक बॉस्टनच्या बालसंग्रहालयाचे संचालक झाले (बालसंगोपनावरच्या गाजलेल्या पुस्तकाचे लेखक डॉ. स्पॉक यांचे चिरंजीव, म्हणजे बाळकडू घरचंच). १९६९ साली फ्रँक ओपेनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम हे हाताळून बघायचं विज्ञान संग्रहालय सुरू केलं. अणुबॉम्बवाल्या ओपेनहायमरांचे हे धाकटे भाऊ, तेही भौतिकशास्त्रज्ञच.

हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू आता अशा बऱ्याच ठिकाणी असतो. झोत थोडा तिरका केला तरी चेंडू पडत नाही. नवऱ्याने पाटी मोठ्याने वाचायला घेतली, तर थोरला म्हणाला, "बाबा, थांब ना!" चेंडू हळूच झोताबाहेर ओढला की तो आत खेचला जातो, हे त्याच्या बोटांना आधी कळलं. पाटी त्याने नंतर आपणहून वाचली.

निम्मी दालनं राहिली आमची. सासूबाईंना जरा हळहळ वाटली, मुलांना नाही.

बाकी, जाताना कपड्यांचा जादा जोड घ्याच. आणि संग्रहालयवाल्यांना एक विनंती: प्रत्येक खेळापाशी मोठ्यांसाठी एक बाक ठेवा. नुसतं उभं राहिलं की आमचे हात शिवशिवतात.