‘घोळक्यात सोडवलेला प्रश्न कुणाचाच नसतो’ या आक्षेपाला उत्तर

आदरणीय सर,

रसायनशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्न आम्ही पाच जण मिळून कसे सोडवतो, यावरचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: एकत्र बसल्यावर हुशार मुलगा उत्तर काढतो आणि बाकीचे माना डोलावतात; पर्याय खोडत उत्तराशी पोहोचणे म्हणजे रसायनशास्त्र नव्हे, तो अंदाजपंचे कारभार आहे; आणि परीक्षेत मदतीला शेजारी कुणी नसतो.

शेवटचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम 54 सेकंद मिळतात. मूळ लेखात एक गोष्ट लिहायची राहिली, ती चूक माझी. आम्ही आधी घड्याळ लावून प्रत्येकाने एकट्याने प्रश्न सोडवतो, उत्तरासमोर कारणाची एक ओळ लिहितो आणि मगच तोंड उघडतो. वहीत कारण नसेल, तर बरोबर आलेले उत्तरही आम्ही धरत नाही.

पहिल्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही, आणि त्याचे कारण एका प्रश्नात आहे. अभ्यासिकेत बोलायला बंदी असल्यामुळे आम्ही अमळनेरला मित्राच्या घराच्या ओट्यावर बसतो. त्या संध्याकाळी प्रश्न होता: 10⁻⁸ मोलार, म्हणजे अतिशय विरल, हायड्रोक्लोरिक आम्लाचे पीएच किती? (पीएच 7 च्या खाली असेल तर द्रावण आम्ल, वर असेल तर अल्कली.) पर्याय होते 8, 7, 6.98 आणि 6. आमच्यातल्या सर्वांत झपाट्याने गणिते करणाऱ्या मुलाने सूत्रात आकडा घातला आणि पाच सेकंदांत 8 लिहून मोकळा झाला. गणितात स्वतःला कच्ची समजणारी मुलगी वहीतून मान वर करून म्हणाली, “तुनं उत्तर कसं ऊनं ते सांग. आम्लात कितीबी पाणी टाकं तरी ते अल्कली कसं व्हई?” ओट्यावर शांतता पसरली. मग कुणाला तरी आठवले की शुद्ध पाण्याचेही स्वतःचे 10⁻⁷ मोलार हायड्रोजन आयन असतात आणि इतक्या विरल आम्लात ते सोडून देता येत नाहीत. एकाने दोन्हींची बेरीज केली, तर 6.96 आले. आम्लाच्या आयनांमुळे पाण्याचे स्वतःचे आयनीभवन किंचित मागे हटते, हे लक्षात घेऊन वर्गसमीकरण मांडल्यावर 6.98 आले. त्या दिवशी माना डोलावण्याची वेळ आली ती हुशार मुलावरच.

पर्याय खोडण्याबद्दल आपण लिहिले आहे ते अंदाजाने खोडण्याला लागू पडते, आणि नीटमध्ये चुकीच्या उत्तरामागे एक गुण कापला जात असल्यामुळे त्या अंदाजाची किंमत आम्हीही मोजली आहे. पण चुकीचे पर्याय हवेतून येत नाहीत. प्रश्न काढणारा मुलांच्या नेहमीच्या चुका ओळखून ते रचतो. वरच्या प्रश्नातले 8 हे डोळे मिटून सूत्र वापरणाऱ्यासाठी ठेवलेले आहे, तर 7 हे एवढे विरल आम्ल नसल्यासारखेच मानणाऱ्यासाठी. पाच जणांच्या वह्या शेजारीशेजारी ठेवल्या की हे सापळे एकदम दिसतात, कारण प्रत्येक जण वेगळ्या सापळ्यात सापडलेला असतो. एकट्याला फक्त आपलाच दिसतो, आणि तोही बहुधा उत्तरपत्रिका पाहिल्यावर.

कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकल्यास कोणता वायू निघतो, या प्रश्नाला रावेरकडच्या मित्राने एथिलीन लिहिले. त्याच्या घरी केळीचे बाग आहेत. कार्बाइडने फळे पिकवायला बंदी आहे आणि पिकवणगृहात एथिलीन सोडतात, ही दोन्ही वाक्ये लहानपणापासून कानावर पडून त्याच्या मनात एकमेकांत मिसळली होती. फळ स्वतः तयार करते ते एथिलीन. कार्बाइडमधून निघते ते अ‍ॅसिटिलीन, जे फळावर एथिलीनसारखाच परिणाम घडवते. कार्बाइडमधले दोन कार्बन तिहेरी बंधाने जोडलेले असतात, पाणी त्यांना केवळ हायड्रोजन पुरवते आणि तिहेरी बंध तसाच राहतो, हे त्याला वहीत आकृती काढल्यावर पटले. मिथेन हा पर्याय का ठेवला, हेही तेव्हाच उलगडले: अ‍ॅल्युमिनियम कार्बाइडमधून मिथेन निघतो, आणि दोघांच्या नावात ‘कार्बाइड’ आहे.

मग ती मुलगी एकटी काय करू शकेल, असे आपण विचाराल. पंधरा दिवसांनी मी तिला 10⁻⁸ मोलार सोडियम हायड्रॉक्साइडचा प्रश्न दिला आणि आम्ही चौघे ओट्यावरून उठून गेलो. परत आलो तेव्हा वहीत पहिली ओळ होती, ‘हे सातापेक्षा थोडेसेच जास्त यायला हवे’, आणि त्याखाली, एका खाडाखोडीनंतर, 7.02.